काकूंनी सांगितलेला शेवट

आमच्या घरमालकीण काकू पाहिलेला सिनेमा जसाच्या तसा सांगतात. नल्लकुंटा वस्तीतल्या आमच्या अंगणात अंबाडी निवडत बसतात आणि तेलुगू संवाद तेलुगूत, शिव्या दखनीत, काही म्हणून गाळत नाहीत. मध्ये बोललं तर म्हणतात, "ठैरो जी, सांगू द्या की."

परवाच्या सिनेमात चार गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. नावगाव ऐकून माणसं एकमेकांना कशी दूर ठेवतात, हाच सगळ्यांचा विषय. एकीत घरमालकीण नुसतं नाव ऐकून एका नर्सला खोली नाकारते. तिथे काकूंचा हात थांबला. मग म्हणाल्या, "पण बाईला राहवत नाही. गल्लीच्या टोकापर्यंत पळत जाते, पोरीला हाताला धरून परत आणते."

मीही तो सिनेमा पाहिला होता. त्यातली बाई दार लावून घेते आणि पोळ्या लाटायला लागते.

गेल्या महिन्यात आमच्याकडची वरची खोली बघायला एक मुलगी आली होती. काकूंनी तिला पाणी दिलं, नाव विचारलं आणि खोली कालच गेली म्हणून सांगितलं. खोली अजून रिकामी आहे.

"मग राहते का ती पोरगी तिथं?" मी विचारलं.

"हौ," काकू अंबाडीकडे बघत म्हणाल्या. "वरच्याच खोलीत."