फौजीला मोटर कशी द्यायची?

न्हावऱ्याच्या स्टँडवरून मी दोनदा गाव सोडलं. पहिल्यांदा फौजेत निघालो तेव्हा अर्धं गाव पोचवायला आलं होतं. दुसऱ्यांदा नुसते वडील, आमचे आबा होते. माझा डावा पाय गुडघ्याखाली सुरुंगात गेलेला, त्या जागी कृत्रिम पाय, हातात अवजारांची पेटी. एस्टी वळून उभी राहिली तसे आबा म्हणाले, "पेन्शन हाय, वावर हाय. मग कशापायी चाललाय रं?" मी पेटी उचलून गाडीत चढलो.

त्याचं उत्तर आज देतो. गावकऱ्यांनो, रागावू नका, पण तुमच्या मायेनं मी गुदमरलो होतो. सत्कार केलात, झेंड्याची दोरी माझ्याच हाती दिलीत, कुणाच्याही लग्नात पहिला फेटा मला. पाण्याची कळशी उचलली की कुणीतरी धावत येऊन काढून घ्यायचं. फौजेनं मला जळालेली मोटर नव्या तारेनं भरायला शिकवलं होतं, म्हणून पाराशेजारी दुकान टाकलं. नारळ फोडायला सगळे आलात. मोटर मात्र एकही येईना. उन्हाळ्यात व्होल्टेज पडून गावभर विहिरींवरच्या मोटरी जळत होत्या, आणि तुम्ही त्या माझ्या नजरेला पडू नयेत म्हणून मागच्या रस्त्यानं शिरूरला नेत होतात. आमचे बांधशेजारी ज्ञानूआप्पा एकदा असेच सापडले. मी अडवलं तर कानाला हात लावून म्हणाले, "फौजी, तुमास्नी काम सांगू व्हय? पाप लागंल." खरी अडचण पुढचीच होती. उद्या मोटर बिघडली तर फौजीशी भांडायचं कसं? आणि ज्याच्याशी भांडता येत नाही, त्याच्याकडे कोण काम टाकतं?

चौफुल्याला गाडी बदलून दौंडला उतरलो ते रशीदमामांकडे. तेही फौजेतले, तोफेच्या आवाजानं एक कान गेलेला. माझ्यासारख्यांना हाताखाली घ्यायचं आणि तयार झाले की वेगळं दुकान काढून द्यायचं, हा त्यांचा नाद. माझी पहिली मोटर त्यांनी भर दुकानात पुढ्यात आपटली. "ये क्या भरा है? गिऱ्हाईक काय तुझी मेडलं बघणार हाय?" कान तापले. पण दुपारी खानावळीत जेवताना एकट्यालाच हसू फुटलं. पाय गेल्यापासून मला कुणी असं झापलं नव्हतं.

आता कुरकुंभ रस्त्याला माझं स्वतःचं दुकान आहे. गिऱ्हाईक "ओ मिस्त्री" म्हणून ओरडतं, घासाघीस करतं. पँटखाली काय आहे ते कुणी विचारत नाही. सगळं मनासारखं झालं, आणि तरी संध्याकाळी दुकानात एखादी मोटर घरघरली की जीव गावाकडे धावतो. पाटानं पाणी आत्ता आमच्या कांद्यात शिरत असेल, आई वाफ्यांची दारं धरत असेल. सुट्टीला जायचो तर पाहुण्यासारखा पोह्यांची बशी घेऊन बसायचो. मला पाहुणचार नको होता हो, मला तुमच्यात यायचं होतं.

यंदा शिरूरच्या दुकानांत मोटरींची रांग लागली, तेव्हा नाइलाजानं ज्ञानूआप्पा त्यांची विहिरीवरची मोटर टेम्पोत घालून माझ्याकडे आले. गावची पहिली मोटर! आनंदाच्या भरात घाई केली आणि तारांवरचं वार्निश पुरतं वाळू दिलं नाही. आठवडाभरात आप्पांचा फोन आला. आधी 'फौजी, तुमी...', मग एकदम, "काय भरली व्हतीस रं? कांदं करपाया लागल्यात. आत्ताच्या आत्ता ये."

दुकानाला कुलूप घातलं आणि मिळेल त्या गाडीनं निघालो. विहिरीवर चार माणसं जमली होती. मी चिखलात बसून मोटर खोलत होतो आणि आप्पा डोक्यावर उभे राहून मला झाडत होते. आबांना ते बघवेना. "आरं आप्पा, जरा दमानं. फौजी हाय त्यो."

"आसंल," आप्पा म्हणाले, "पर मोटर जाळली न्हवं त्यानं?"

मी मान खाली घालून पाना फिरवत राहिलो. डोळे भरले होते, ते कुणाला दिसू द्यायचे नव्हते. किती वर्षांनी मी घरी आलो होतो.