तिळगुळाचा तह

आमच्या घरात शांतता या विषयावर जितकी भांडणं झाली तितकी दुसऱ्या कशावरूनही झाली नाहीत. मी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि हे इथल्याच हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. आता दोघंही रिटायर. ह्यांची मतं पक्की जुन्या वळणाची, आणि युद्ध संपल्यावर काय करावं हे इतिहासवाल्यांपेक्षा आपल्याला जास्त कळतं अशी ह्यांची खात्री. दोनशे वर्षांपूर्वी युरोपातले राजे-सरदार व्हिएन्नाला जमले, पडलेली सिंहासनं पुन्हा उभी केली, हरलेल्या फ्रान्सलाही शेजारी बसवून घेतलं, आणि पुढे कितीतरी वर्षं सगळीकडे पेटेल असं युद्ध झालं नाही. पहिल्या महायुद्धानंतर मात्र हरलेल्याचं नाक ठेचलं आणि एका पिढीत पुन्हा आग लागली. "जस्टिस-बिस्टिस नंतर बघू. आधी ब्लीडिंग थांबवायचं, मग ऑर्डर," हे म्हणायचे. आणि वर, "जुनी माणसं मूर्ख नव्हती गं."

नव्हतीच. हेच तर माझं दुखणं होतं. मला ह्यांचं म्हणणं खोडून काढता यायचं नाही आणि पटायचंही नाही. त्या व्हिएन्नाच्या टेबलावर पोलंडचे पुन्हा वाटे झाले, इटलीतली शहरं दुसऱ्याच्या पदरात पडली, आणि त्या गावांतल्या लोकांना कुणी काही विचारलं नाही. मी एवढं बोलले की हे चहाचा कप उचलून बागेत निघून जायचे.

मग युद्धामुळे घर सोडून आलेली युक्रेनची एक बाई आमच्याकडे राहायला आली. मुलगी लग्न होऊन ग्लासगोला गेल्यापासून तिची खोली रिकामीच होती. ही चाळिशीची, अबोल, हात मात्र सतत चालू. दिवसभर एका गोदामात पार्सलं भरायची आणि घरी येऊन माझ्या ओट्याच्या फरश्या घासायची. तिच्या नवऱ्याला म्हातारी गुरं सोडवेनात म्हणून तो गावातच राहिला होता. मग लढाई गावावरून पुढे सरकली आणि त्याचा फोन लागेनासा झाला. मेल्याची खबर नाही, पकडल्याची नाही. तो परत आला तर आपल्या घरीच येईल, दुसरीकडे जायचं त्याला सुचणारच नाही, असं ती म्हणायची. म्हणून तिला एकच गोष्ट हवी होती. जो काही तह होईल त्यात ते गाव तिला जाता येईल अशा बाजूला राहायला हवं होतं.

गेल्या जानेवारीत मी तिला आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला नेलं. कौन्सिलचा हॉल, काळ्या साड्यांवर कार्डिगन, वाणाला प्लास्टिकचे डबे, आणि नवरे मंडळी बाहेर पॅसेजमध्ये घडीच्या खुर्च्यांवर. सगळ्यांत वडीलधाऱ्या म्हणजे आमच्या काकू. इथे आलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी एकांच्या पत्नी. मंडळातली सगळी भांडणं काकूच मिटवतात, आणि ती संक्रांतीलाच. ज्या दोघी वर्षभर एकमेकींचं तोंड बघत नाहीत त्यांना सगळ्यांसमोर उभं करायचं, हातात तिळगूळ द्यायचा आणि गोड बोला म्हणायचं. चूक कुणाची हे काकू कधी विचारत नाहीत. "ते काढलं की संपलंच मग," असं त्यांचं म्हणणं. आणि खोटं कशाला बोलू, मंडळ टिकलंय ते त्यांच्याच जिवावर.

त्या दिवशी हॉलमध्ये पुण्याच्या एका सॉफ्टवेअरवाल्याची बायकोही आली होती. ती रशियन. काकूंनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"या गं दोघी इकडे. कम, कम. तिळगूळ घ्या, गोड बोला. झालं ते विसरायचं आता. फर्गेट!"

मी "काकू, अहो, नको," म्हणेपर्यंत दोघींच्या हातात वड्या होत्या. ती रशियन मुलगी लालबुंद झाली. तिला मराठी येत होतं. ती खाली मान घालून "तिळगूळ घ्या" म्हणाली. आमच्या बाईने वडी घेतली, आपली दिली, आणि मी गाडीत शिकवलेलं "गोड बोला" अगदी स्पष्ट म्हणाली. हॉलभर टाळ्या पडल्या. फोटो निघाले. पॅसेजमधून हे डोकावले आणि कौतुकाने म्हणाले, "बघ, इतकं सोपं असतं."

मला त्या क्षणी ह्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. काकूंचा नाही आला. त्यांचं मन स्वच्छ होतं, आणि तेच जास्त भयंकर वाटलं.

हॉलच्या किचनमध्ये मी तिची माफी मागायला लागले. ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तिच्याशी माझं भांडण नाही. तिने माझं घर नाही घेतलं." मग कप विसळत म्हणाली, "खरा तह होईल तेव्हा पण असंच होईल. फोटो. टाळ्या. मला थँक यू म्हणावं लागेल." इतकी वर्षं शिकवलेला इतिहास तिच्या बाजूने साक्ष देत होता.

नंतर वाटाघाटींच्या बातम्या वाढत गेल्या. आज बोलणी, उद्या फिसकटली, परवा पुन्हा. प्रत्येक बातमीला ती गोदामातून फोन करायची आणि मी नवीन काही नाही म्हणायचे. मला आशाच उरली नव्हती. युद्ध चाललं तर तो मरेल आणि थांबलं तर तो पलीकडे राहील. यातलं देवाकडे काय मागावं ते मला कळेना, म्हणून मी मागायचंच सोडून दिलं.

एका रविवारी दुपारी टीव्हीवर नकाशा दाखवला. युद्ध जिथे आहे तिथेच थांबवायचं ठरलं तर सरहद्द कुठे येईल, त्याची जाड लाल रेघ. तिने ह्यांना तो नकाशा टॅबलेटवर काढून द्यायला सांगितलं. ह्यांनी काढला, दोन बोटांनी मोठा केला, अजून मोठा केला. गाव दिसेना. ते सबंध गाव त्या रेघेखाली झाकलं गेलं होतं.

"डॉक्टर, माझं घर रेघेच्या कुठल्या बाजूला?"

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आयुष्यभर पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातम्या सांगितलेला हा माणूस. शेवटी अगदी हळू म्हणाले, "आय डोन्ट नो. पण लाइन कुठेतरी मारावीच लागते."

"हो," ती म्हणाली. "मारा. पण तिथे तो आहे."