मागे राहिलेल्यांची यादी

ओहायो नदीकाठच्या त्या गावातल्या कॉलेजात वेर्ना हुडाकने सव्वीस वर्षं रजिस्ट्रारची खिडकी सांभाळली. इतक्या वर्षांत खरं बोलणारा एकही विद्यार्थी भेटला नाही, असं ती छाती पुढे काढून सांगायची. शोधला असता तर भेटलाही असता. पण त्यासाठी नाक जरा खाली आणावं लागतं, आणि वेर्नाचं नाक कायम वर.

खिडकीशी येणारे बहुतेक डब्ल्यूएफवाले. वेळेत अर्ज भरून विषय सोडला तर नुसता डब्ल्यू पडतो, सरासरीला धक्का लागत नाही. पण या पोरांना अर्ज भरायचा कंटाळा, ती वर्गात येणंच बंद करतात. मग मास्तर शेवटच्या हजेरीची तारीख टाकून डब्ल्यूएफ देतात, म्हणजे विषय सोडला आणि तोही नापास होत असताना. सरासरीत त्याचं सरळ शून्य धरतात.

"मी गेलो हे कॉलेजला कळलं नाही का?" असं विचारणारे महाभाग दर सत्रात निघत.

"कळलं की! म्हणून तर शून्य दिलं," वेर्ना म्हणायची.

डब्ल्यूएफचा डब्ल्यू करून घ्यायला समितीकडे अर्ज करता येई. कारण बहुधा आजी. "आपल्या जिल्ह्यातल्या आज्या नेमक्या परीक्षेच्या आठवड्यात मरतात," असं म्हणून वेर्नाने वरच्यांकडून एक नियम करून घेतला. पेपरातली निधनवार्ता जोडायची आणि तिच्या शेवटी मागे राहिलेल्या नातलगांची जी यादी छापतात, तीत विद्यार्थ्याचं नाव दाखवायचं. नाव नसेल तर यादीतल्या कुणाची तरी सही आणायची. फॉर्मही तिनेच आखला. एक रकाना कोरा दिसला की 'अपूर्ण'चा शिक्का दाणकन मारायची आणि त्या दिवशी जेवण तिला गोड लागायचं.

जानेवारीत काइला मर्ट्झ आली. चार विषय, चारांत डब्ल्यूएफ. ते पुसले नाहीत तर नर्सिंगचं दार बंद, आणि मुदत त्याच दिवशी चार वाजता संपत होती. तिने फॉर्म सरकवला, वर कात्रण ठेवलं.

कात्रण वेर्नाला वाचायची गरज नव्हती. त्यातला मजकूर तिनेच लिहिला होता. तिचा भाऊ डेल काइलाच्या आईबरोबर दहा वर्षं लग्नाशिवाय राहिला, हे वेर्नाच्या घशाखाली कधी उतरलं नाही. आई फ्लोरिडाला निघून गेली, पोरगी मात्र डेलकडेच राहिली. लहानपणी तिने एकदा 'आत्या' अशी हाक मारली होती. "मी तुझी कुणी आत्याबित्या नाही. मिस हुडाक म्हणायचं," वेर्नाने तिथल्या तिथे बजावलं. पोरीने पुन्हा चूक केली नाही.

ऑक्टोबरात डेल फुफ्फुसाच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळला आणि काइलाने वर्ग सोडले. वेर्ना रविवारी चर्चहून येताना कोबी-शेवयांचं भांडं आणायची आणि अंगातला कोटही न काढता पंधरा मिनिटं बसायची. केवढे ते उपकार! डेल गेल्यावर तिने निधनवार्ता लिहिली. मागे एक बहीण, वेर्ना. बस्स.

"यात तुझं नाव नाही," वेर्ना सवयीने बोलून गेली.

"ठाऊक आहे. यादीतल्या कुणाची सही चालते ना?"

"मग आण जा."

"यादीत एकच जण आहे, मिस हुडाक."

रांगेतल्या मागच्या बाईने मान उंचावली. वेर्नाने आवाज खाली आणला. "वर्ग सोडतानाच अर्ज का नाही भरलास? एका पानाचा तर असतो."

"त्यांना एकटं टाकून येणार कशी? तुम्ही यायचात रविवारी. रविवारी तुमची खिडकी बंद."

वेर्नाचा हात शिक्क्याकडे गेला. शंभर वेळा गेलेला हात तो, त्याला दुसरी वाट माहीत नव्हती. फॉर्मवर 'मृताशी नाते' या रकान्यात काइलाने 'मुलगी' लिहिलं होतं. ते खोटं म्हणायचं, तर डेलची अंथरुणं कुणी बदलली, ते सांगावं लागलं असतं. वेर्नाला लाज वाटली, आणि लाजेची सवय नसल्यामुळे तिला ती रागासारखीच लागली. शिक्का बाजूला सारून तिने सही खरडली आणि कागद घाईघाईने ट्रेकडे ढकलला.

काइलाने काचेखालून हात घालून तो अडवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. सही करणाऱ्याचे विद्यार्थ्याशी नाते.

"हे कोरं राहिलं. कोरं राहिलं की अपूर्ण, तुम्हीच सांगता ना?"

भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी होते. वेर्नाने पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग अगदी बारीक अक्षरात लिहिलं, 'आत्या'.

काइलाने कागद स्वतःकडे फिरवून ते नीट वाचलं आणि परत आत सरकवला.

"आता पुरा झाला ना, मिस हुडाक?"