फरशीवर बसलेला वर्ग

शनिवारी दुपारी टेस्टचे पेपर वाटायला मी क्लासचं दार ढकललं, तर सगळी बाकं रिकामी. चौतीस मुलं खाली फरशीवर मांडी घालून बसलेली.

"हे काय रे?"

"इथंच बरं वाटतंय, बाई," कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही. हसली असती तर मी रागावून मोकळी झाले असते.

थांबा, आधी बाकांचं सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नालासोपाऱ्याला तुळिंजमध्ये एका कोचिंग क्लासमध्ये मी दहावीला इतिहास शिकवायचे. माझं बी.एड. वगैरे काही नाही. मुलं शाळेत जायला लागल्यावर ओट्यावर पुस्तक उघडं ठेवून बाहेरून बी.ए. केलं. म्हणूनच असेल, आपल्या शिकवण्यात कुणी खोट काढू नये असं मला फार वाटायचं.

तर मी एक पद्धत काढली होती. मार्कांप्रमाणे बसायचं. जास्त मार्क, पुढचं बाक, पंख्याखाली. निम्म्याहून कमी, तो मागे खाली सतरंजीवर. पालक खूश. क्लासचे मालक कर्णिक सर तर अॅडमिशनला आलेल्या प्रत्येकाला हे कौतुकानं सांगायचे. त्या आठवड्यात मी आणखी एक नियम केला होता: खाली बसणाऱ्यांनी शंका विचारायच्या नाहीत, पोर्शन मागे पडतो. मुलांना मी काही विचारलं नव्हतं. मुलांना काय विचारायचं!

सर आले. त्यांनी एकदा फरशीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "कुणाचं डोकं हे?" मग मला केबिनमध्ये बोलावलं. केबिन म्हणजे दोन कपाटांच्या मधली जागा.

"प्रीलिम तोंडावर आलीये, बाई. पालकांना काय सांगू? मला नाव द्या."

"मला खरंच माहीत नाही, सर."

"पद्धत तुमची. तुम्हालाच कंट्रोल होत नसेल तर तसं सांगा."

ते मला झोंबलं. पिशवीत टेस्टचा गठ्ठा होता. त्यातून मी हर्षदाचा पेपर काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

हर्षदा किनाऱ्यावरच्या राजोडी गावची. आई तुळिंजच्या बाजारात मासे विकायची, तिच्याबरोबर ही यायची. टेस्टमध्ये प्रश्न होता, वसाहतींनी साम्राज्याविरुद्ध उठाव का केला, कारणे लिहा. वसाहत म्हणजे दूरच्या राजाच्या ताब्यातला मुलूख. पाच मार्कांना पाच मुद्दे. क्लासच्या भाषेत 'मुद्दा' म्हणजे माझ्या नोट्समधलं एक ठरलेलं वाक्य: जाचक कर, व्यापारावर बंधनं, कारभारात प्रतिनिधी नाहीत, वगैरे. बोर्डाचा पेपर तपासणारा घाईत असतो, तो अधोरेखित शब्द शोधतो, म्हणून मी ती वाक्यं घोकून घ्यायचे.

हर्षदानं लिहिलं होतं: "राजा लांब राहत होता. त्याने केलेले नियम त्याला स्वतःला पाळायचे नव्हते. लोकांनी अर्ज केले तर त्याला वाटले, हे उपकार विसरले. लोकांना कराचा राग होताच, पण आपल्याला कोणी विचारले नाही याचा जास्त राग होता."

खाली माझ्या लाल पेननं: 'मुद्दे नाहीत. ०/५.'

आज वाटतं, इतकं चांगलं उत्तर माझ्या हाताखालून दुसरं गेलं नाही. पण त्या दुपारी मला त्यात फक्त पुरावा दिसला.

सरांनी तिला बोलावलं. "हे तू लिहिलंस?"

"हो सर."

"मग आजचंही तूच केलंस."

"सर, मी तर रोज खालीच बसते," ती म्हणाली. "आज बाकीचे खाली आले."

"उलट बोलतेस? दप्तर घे आणि नीघ. परत यायचं नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी पेपर नंबरवार लावत होते. ते आधीच लावलेले होते.

ती गेली. मग एकेक करत मुलं बाकांवर जाऊन बसली.

सोमवारी पहिल्या बाकावरचा निखिल, वर्गात पहिला येणारा, मला जिन्यात गाठून म्हणाला, "बाई, ती नव्हती. आम्ही पुढच्या बाकांवरच्यांनी ठरवलं होतं. मंगळवारी तिनं शंका विचारली तर तुम्ही गप्प बसवलंत ना, ते आम्हाला नाही आवडलं. ती तर नको म्हणत होती."

"का?"

"बाईंना वाईट वाटेल म्हणाली."

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "असेल. पण आता परत बोलावलं तर आपली काय किंमत राहील?" बाकांची पद्धत मात्र त्यांनी त्याच आठवड्यात बंद केली. कारण कुणालाच सांगितलं नाही. मीही नाही.

रविवारी एसटीनं राजोडीला गेले. हर्षदाची आई अंगणात बोंबील उलटत होती. "या बाई, पानी घ्या. एवढ्या लांब कशाला आलात? कोनाकडून निरोप धाडायचा."

मी हर्षदाला म्हटलं, माझ्या घरी ये, परीक्षेपर्यंत मी शिकवते.

"सरांना सांगितलंत, मी नव्हते म्हणून?"

"सांगितलं."

"आणि वर्गात?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"सगळ्यांसमोर सांगा बाई, मग येते," ती म्हणाली. रागानं नाही, एखाद्या भेटीची वेळ ठरवावी तशी.

आई म्हणाली, "पोरीला चोरटी केलीत तिथं. तिथंच धुवायला पायजे ना?"

मी हो म्हणून आले. सोमवारी खडू घेऊन उभी राहिले आणि पुढचा धडा काढला. मंगळवारीही. मग प्रीलिम आली, बोर्ड आलं, मुलं पांगली.

जूनमध्ये बाजारात तिची आई दिसली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "पास झाली, बाई. स्वताच्या डोक्यानं," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

पुढे अकरा वर्षं मी तोच धडा शिकवला. उठावाची कारणं राज्यकर्त्यांना कळली नाहीत, असं आपण पुस्तकात वाचतो. माझा अनुभव वेगळा आहे. कळतात. मला तर दोन दिवसांत कळली. फक्त ज्यांच्यासमोर चूक केली, त्यांच्याच समोर ती कबूल करायला जीभ रेटत नाही. हर्षदा नव्हती, हे वाक्य मी आत्ता लिहिलं, आणि त्या चौतिसांतलं कुणीही समोर नाही.