गोळी आधी, हात मागून

चाळीसगावच्या शालिग्राम आबांनी तीस वर्षं एसटी चालवली आणि रिटायर झाल्यावर धुळ्याला जाऊन दोन दिवसांच्या शिबिरात रेकी, म्हणजे हात ठेवून बरं करायची विद्या, शिकून आले. आता बोला. माणूस रिटायर झाला की देवळात बसतो, नाहीतर सुनेच्या भाजीत मीठ शोधतो. आबा ओट्यावर खुर्ची टाकून लोकांच्या डोक्या-खांद्यांवर हात ठेवू लागले. पैसे घ्यायचे नाहीत, पण फुकटही द्यायचं नाही, असं शिबिरात शिकवलेलं; म्हणून कोणी दोन केळी आणी, कोणी भरताचं वांगं.

सर्वांत पक्कं गिऱ्हाईक लोटन नाना, शाळेपासूनचे दोस्त. हात ठेवला की पाच मिनिटांत घोरायला लागत. एकदा जागे झाले ते खुशीत म्हणाले, "शाल्या, ब्लडप्रेशरन्या गोया बंद करी टाक्यात मी. महिना व्हयना. तुना हात शेतस, मंग गोयास्नं काय काम शे?"

आबांना क्षणभर गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगायचं. मग त्यांनी नानांच्या खांद्यावरचे हात काढून घेतले.

"सुंदरबाईले माहीत शे?"

"बायकोले कशाले सांगू? ती दवाखानामा धाडी."

"मंग मी धाडस," म्हणत आबांनी नानांना रिक्षात कोंबलं.

दवाखान्यात प्रेशर निघालं एकशे नव्वद. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नाना, गोळ्या कोणी बंद केल्या?"

नानांनी अभिमानाने आबांकडे बोट दाखवलं. आबांची मान खाली गेली. बाई मात्र रागावल्या नाहीत. "हात खुशाल ठेवा आबा, पण गोळी रोज."

परतताना नाना रुसले. "मंग तुना हातमा काहीच नही का?"

आबा म्हणाले, "तुले झोप लागस, बरं वाटस. तितलंच शे. प्रेशर गोयीच उतारस."

नानांचा रुसवा निघाला. "तितलं बी थोडं नही."

आबांनी सगळं कानावर घातल्यावर दुसऱ्या दिवशी सुंदरबाई स्वतः पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन ओट्यावर हजर. नानांनी गोळी गिळली आणि आ करून रिकामं तोंड आबांना दाखवलं. तेव्हा कुठे आबांनी हात ठेवले. महिन्याभरात प्रेशर खाली आलं, पण तोंड दाखवायचा नेम काही मोडला नाही.

नाना घोरायला लागले की सुंदरबाई निवांत टेकून बसत. महिनाभर बघून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "आबा, मना बी घुटना दुखस."

"डॉक्टरले दखाडा का?"

"दखाडा. गोयी बी चालू शे."

मग आबांनी घरातून दुसरी खुर्ची आणली.