नाखवा मॅडमचं गुरुत्वाकर्षण

“कोण म्हणतं एकदम पोहोचले? त्याला माझ्यासमोर उभा करा!”

नाखवा मॅडम मोबाइलवर ओरडत होत्या. पलीकडे कुणी नव्हतंच. मोबाइल माझा आणि त्यावर बातमी. ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात त्या पदार्थविज्ञान शिकवायच्या. मी त्यांचाच जुना विद्यार्थी, तिथंच गणित शिकवायचो. आवाज असा, की त्यांनी वर्तकनगरात ‘अरे गाढवा’ म्हटलं तर विठ्ठलवाडीच्या फलाटावर चार जण ‘काय, मॅडम?’ करून वळायचे. नवरात्रात टेंभी नाक्याचे भोंगे त्यांना घाबरून हळू वाजतात, ही माझी अफवा. पण तिच्यावर विश्वास ठेवणारे बरेच भेटले.

विश्व दिवसेंदिवस जास्त वेगानं फुगतंय. कुठली तरी अदृश्य ऊर्जा ते ढकलते, असं बहुतेक सगळे शास्त्रज्ञ म्हणतात. मॅडमना ते पटायचं नाही. “कधी समोर येत नाही, आणि सगळं तिच्याच मनासारखं? ऊर्जा आहे की सासू? अरे, लांबच्या पल्ल्यावर गुरुत्वाकर्षणच वेगळं वागत असेल!” यावर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली, बढती सोडली, दिवाळ्या सोडल्या. पण हट्ट एकच: “सिद्धांत मांडलास ना? मग तो कशानं मरेल तेही लिही. नाहीतर ती भुताची गोष्ट.” स्वतःच्या लेखातही त्यांनी लिहिलं होतं: गुरुत्वलहरी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे तरंग, आणि प्रकाश एकाच वेगानं आले, तर माझं चुकलं. वर हसून म्हणायच्या, “हे मोजेपर्यंत माझ्या फोटोला हार चढलेला असेल.”

आणि बातमी नेमकी हीच. दूर कुठं दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले. लहरी आणि प्रकाश जवळपास एकदमच निघाले, तेरा कोटी वर्षं धावले आणि दोन सेकंदांच्या आत पाठोपाठ पोहोचले. मॅडमच्या गणितानुसार एकानं लाखो वर्षं मागे पडायला हवं होतं.

मॅडम गप्प झाल्या. मॅडम! गप्प! आमच्या स्टाफरूममधल्या पंख्याला आवाज आहे, हे मला त्या दिवशी कळलं. चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थिजला. उभ्या हयातीचं काम, एका बातमीत!

मी खडू उचलून फळ्याकडे धावलो. “मॅडम, हा आकडा इथं असा बसवला, की दोन्ही वेग सारखे! बघा, वाचला सिद्धांत!”

त्यांनी फळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“आपण बसवला म्हणून बसला,” त्या म्हणाल्या. “पूस.”