अधोलीचा तळ

फसली १३४४, खुरदाद महिन्याची नऊ तारीख, म्हणजे इंग्रजी १९३५चा एप्रिल. ऊन तापायला लागलं होतं. रक्कम साडेदहा रुपये, निजामाचा हाली सिक्का. जागा आमची ओसरी, गाव नांदूरघाटापासून दीड कोसावर. हजर चौघे: माझे वडील, मी ज्या विद्यापीठात शिकत होतो तिथल्या अर्थशास्त्र विभागाचे थोरले प्रोफेसर, त्यांचे जोडीदार धाकटे प्रोफेसर, आणि मी.

थोरल्यांनी आल्याआल्याच रुपये वडिलांपुढे ठेवले. दोन माणसं, एकवीस दिवस, माणशी रोज चार आणे, असा हिशोबही सांगितला. वडिलांनी पैसे मागं सरकवले. पाहुण्याकडून जेवणाचे पैसे घेतले तर गावात तोंड दाखवता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. थोरल्यांचं म्हणणं असं की ज्याचं अन्न फुकट खाल्लं त्याच्या घरचा आकडा हात आखडून लिहिला जातो. दोघंही हटले नाहीत. शेवटी पैसे ओसरीच्या कोनाड्यात ठेवले गेले आणि तिथंच राहिले.

हे दोघं गावात का आले ते आधी सांगतो.

हैदराबादला आमचा विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक लांब खोली. चार खुर्च्या, त्यातल्या एकीचा वेत तुटलेला. त्या खुर्चीवर थोरले स्वतः बसत. ते शेरवानी घालत, सायकलवर येत आणि वर्गात पुस्तक न उघडता शिकवत. धाकटे आमच्याच मराठी मुलखातले, खादी घालणारे, रागीट. शिकवणं सगळं उर्दूत. पण धाकट्यांना राग आला की मराठी बाहेर पडे. दोघांची रोज भांडणं होत. जमिनीवर मालकी कोणाची असावी, यावरून एकदा दोन तास भांडले आणि शेवटी एकाच कपातला चहा बशीत वाटून प्याले, कारण दुसरा कप फुटलेला होता.

शहरात त्यांना लाल म्हणत. एकदा खुफिया खात्याचा माणूस काय शिकवतात ते टिपून घ्यायला वर्गात येऊन बसला. थोरल्यांनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं आणि तिसऱ्या दिवशी त्यालाही गणित घातलं: एक घर महिन्याला इतकी ज्वारी खातं, मजुरी इतकी मिळते, तूट किती. त्यानं दोनदा चुकवलं. तिसऱ्यांदा बरोबर काढलं तेव्हा थोरल्यांनी वर्गाला त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. पुढं तो आला नाही. धाकटे म्हणत की त्या माणसाच्या अहवालात निदान एक आकडा तरी खरा गेला असेल.

विभागाचा नियम एकच, आणि तो आम्ही पहिल्या आठवड्यात पाठ केला होता. थोरले दखनीत सांगत, “सुने सो नक्को लिखो, तोले सो लिखो.” ऐकलेलं नाही, मोजलेलं लिहायचं. हा नियम मोडणाऱ्याचा कागद ते वाचतसुद्धा नसत.

माझ्या पदवीसाठी मला एक निबंध लिहायचा होता. मी माझ्याच गावातल्या मजुरीवर लिहायचं ठरवलं. विद्यापीठाला सुट्टी लागताच दोघं पत्र्याच्या पेटीत तागडी आणि सरकारी शिक्क्याची वजनं घालून माझ्याबरोबर आले. गावात एकेचाळीस घरं. प्रत्येक घराचा एक फॉर्म. पहिला फॉर्म मी माझ्याच घराचा भरला, पहिल्याच दिवशी, पाच मिनिटांत.

सहाव्या दिवशी सकाळी थोरले भरलेले फॉर्म चाळत होते. पहिल्याच कागदावर थांबले. दिवाळीपासून खळी आटोपेपर्यंत आमच्याकडं बायांना मजुरी धान्यात मिळे, खुरपणीला रोख. फॉर्मात मी लिहिलं होतं: रोजी ज्वारी एक अधोली, म्हणजे दोन शेर.

“तोले क्या, मियाँ?”

मी खरं ते सांगितलं. तोललं नव्हतं, वडिलांनी सांगितलं होतं. वडिलांचा शब्द तोलायचा हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. थोरल्यांनी तो एक कागद बाजूला काढला आणि बाकीचे गठ्ठ्यात बांधले.

त्या दिवशी ऊन कलताना बाया मजुरीला ओसरीसमोर आल्या. सात जणी. त्यांच्यात जाणती होती तिला सगळा गाव मावशी म्हणे. मजुरीची अधोली लाकडी, आजोबांच्या वेळची. बाजारात ज्वारी घालताना वापरायची ती वेगळी, पितळी. मी लाकडी अधोली शिगेला भरली, फळीनं सपाट केली आणि ती ज्वारी पितळी अधोलीत ओतली. पितळी भरली नाही. वर दोन बोटं रिकामी राहिली. धाकट्यांनी तागडी धरली. तूट बरोबर पाव शेर. मी तीनदा तोललं. तिन्ही वेळा पाव शेर.

वडील बैठकीवरून उठून आले. अधोली उलटी करून पाहिली. चार वर्षांपूर्वी तिचा तळ कुजला होता, सुतारानं नवा बसवला. त्याच्याकडं जाड फळी होती, तीच त्यानं ठोकली. वडिलांनी वरवर पाहिलं, बाहेरून माप तेवढंच दिसलं.

“तळ सुतारानं बसवलाय,” वडील म्हणाले. “म्या न्हाई.”

धाकटे म्हणाले, “तळ कोणी बसवला हे लिहायला फॉर्मात जागा नाही. बाईच्या टोपलीत किती पडलं, एवढीच जागा आहे.”

थोरल्यांनी धाकट्यांना हातानं गप्प केलं. मग ते मावशीकडं वळले आणि मला विचारायला लावलं की हे तुम्हाला ठाऊक होतं का. मावशी आधी वडिलांकडं पाहत राहिली.

“ठावं हाय की. चार सालं झाली. टोपली रोज डोक्यावर आमीच घेतो, आमास्नी कळंना व्हय?”

मग बोलली कावून नाहीस, असं वडिलांनी विचारलं.

“इच्यारलं कुणी?” मावशी म्हणाली.

बाया पितळी अधोलीनं मजुरी घेऊन गेल्या. वडील जेवले नाहीत.

सकाळपर्यंत गावभर झालं. माझा चुलता पारावरूनच ओरडला, “कावून बे, बापाला तोलायला मास्तर आणलेस व्हय? उद्या आमच्या घरी बी तागडी घेऊन येशील!” माणसं हसली. मीही हसल्यासारखं केलं. माझ्यापुढं मात्र दोनच वाटा होत्या. दोन शेर लिहिले तर विभागात निबंध कोणी हातात धरणार नव्हतं, पदवी गेली. पावणेदोन लिहिले तर छापील कागदावर माझ्या बापानं चार वर्षं माप कमी दिलं असं राहणार. फॉर्मावर नाव नव्हतं, नंबर होता. पण एक नंबरचं घर कोणाचं हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

मी थोरल्यांना विचारलं की आमचं घर वगळून चाळीस घरांचा निबंध चालेल का. ते म्हणाले, चालेल, पदवीही मिळेल. फक्त वर ‘चाळीस घरं’ असं लिही, ‘गाव’ असं लिहू नकोस. आवाज चढवला नाही, आग्रह केला नाही. इतक्या वर्षांनी वाटतं, त्यांनी मला रागावून सांगितलं असतं तर मी वगळलं असतं.

मी आत गेलो. वडील धान्याच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून उभे होते. त्या भिंतीवर ते बायांच्या हजेरीच्या रेघा कोळशानं ओढत. दर दिवाळीला चुना दिला की रेघा जात आणि नव्या सुरू होत.

“काय लिव्हणार हायस?”

“पावणेदोन.”

ते म्हणाले, “मोज ह्या.” आणि भिंतीकडं बोट केलं.

यंदाच्या रेघा सात जणींच्या मिळून पाचशे साठ भरल्या. रोजी पाव शेर म्हणजे एकशे चाळीस शेर. चार शेरांची पायली, म्हणजे पस्तीस पायल्या. ओसरीवर येऊन मी आकडा सांगितला. मागच्या तीन वर्षांच्या रेघा चुन्याखाली गेल्या होत्या. तिथं माझे दोन्ही गुरू भांडले. धाकट्यांचं म्हणणं, चारही वर्षं द्यायला हवीत. थोरल्यांचं म्हणणं, मोजलेलं एकच वर्ष आहे, बाकीचं आपण सांगू शकत नाही. धाकटे मराठीत चिडले, थोरले उर्दूत अडून बसले. वडिलांनी दोघांचं ऐकलं आणि गडी पाठवून मावशीला बोलावून घेतलं.

मावशीनं उभ्याउभ्याच सांगितलं. सातही जणी चार वर्षं त्याच होत्या, काम तेवढंच होतं, मागची तीन सालं यंदासारखी धरायला हरकत नाही. जायला वळली, आणि थांबली.

“माझं एक साल काढा. दोन सालामागं म्या आजारी होते. खळ्यावर आलेच न्हाई.”

थोरल्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. एवढ्या वर्षांत मी त्यांना ती दिवसा खाली ठेवताना पाहिलं नव्हतं. धाकट्यांना ते म्हणाले, “तुम जीते.” मावशीनं आपल्याच विरुद्ध दिलेली साक्ष त्यांनी तोललेल्या आकड्याइतकीच पक्की मानली, आणि माझ्या निबंधात तशी टीपही लिहायला लावली.

मावशीच्या यंदाच्या रेघा अठ्ठ्याऐंशी होत्या, म्हणजे साडेपाच पायल्या. चार वर्षांच्या एकशे चाळीस पायल्यांतून तेवढ्या वजा केल्या.

निबंध पास झाला. फॉर्म नंबर एकवर पावणेदोन शेर आहेत, आणि ते अक्षर माझं आहे. चुलत्याच्या घरी आम्ही तागडी नेलीच. त्याचं माप भरलं, हेही लिहिलेलं आहे.

निघायच्या दिवशी वडिलांनी कोनाड्यातले पैसे काढले, ओसरीवर बसून मोजले आणि कनवटीला लावले. थोरल्यांना म्हणाले, “ज्याचं त्याला द्यायला लागलो. आता तुमचं घेतो.”

शेवटी दिलं गेलं ते असं. माझ्या वडिलांना, दोन प्रोफेसरांच्या जेवणाचे, साडेदहा रुपये हाली, पावती घेऊन. सात बायांना एकशे साडेचौतीस पायल्या ज्वारी. त्यातल्या सत्तर त्याच आठवड्यात, साडेचौसष्ट पुढच्या सुगीला, सगळ्या पितळी अधोलीनं. त्यात मावशीच्या साडेसोळा. आणि लाकडी अधोलीला पातळ तळ बसवण्याचे सुताराला सहा आणे. ते मी माझ्या शिष्यवृत्तीतून दिले.